सुटे भाग निवडण्याचा हक्क : स्वस्त गेमिंग संगणकाचा इतिहास

#धागा

१/
२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. पहिला पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. थोड्याच दिवसांत जगभरच्या हौशी गेमरांना कळून चुकले की एक लहानशी युक्ती केली की दुसरा प्रोसेसर पहिल्याच्या वेगाने धावतो. ५२० डॉलर वाचवणारी ती युक्ती कोणती होती, ती शक्य का झाली आणि आज ती का चालत नाही, याची ही कहाणी.

२/
कमी पैशांत गेमिंगचा संगणक जुळवणारा माणूस प्रोसेसर एका कंपनीचा घेतो, मदरबोर्ड दुसरीचा, ग्राफिक्स कार्ड तिसरीचे, कॅबिनेट आणि एसएमपीएस आणखी कुणाचे. हे सारे एकमेकांत बिनतक्रार बसणार, हे आपण गृहीत धरतो. दूरचित्रवाणी संच किंवा धुलाई यंत्र असे सुट्या भागांतून घरी जुळवता येत नाही. संगणकच का येतो? उत्तरासाठी १९८१ सालात जावे लागेल.

३/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीने तो सुमारे वर्षभरात तयार केला होता. एरवी आयबीएम आपल्या यंत्राचा बहुतेक भाग स्वतः घडवत असे. इथे मात्र वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि बरेचसे भाग बाजारात तयार मिळणारे, असा मार्ग तिने पत्करला.

४/
यंत्राच्या पोटात विस्तारासाठी पाच खाचा होत्या. त्यांत इतरांनी कार्डे बनवून बसवावीत म्हणून आयबीएमने तांत्रिक पुस्तिका विक्रीस ठेवली. तीत विद्युतमंडलांचे आराखडे तर होतेच, शिवाय यंत्र चालू होताच जागी होणारी मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, ओळीन्‌ओळ छापलेली होती. कुलूप एकच होते : त्या आज्ञावलीवर आयबीएमचा कॉपीराइट होता. भाग कोणीही विकत घेऊ शकत होता. बायोस मात्र कोणाला उतरवून घेता येत नव्हता.

५/
हे कुलूप ज्यांनी कायद्याच्या चौकटीत राहून उघडले, त्यांत कॉम्पॅकचे नाव ठळक आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी १९८२ मध्ये ह्यूस्टन येथे ती स्थापन केली. त्यांनी अभियंत्यांचे दोन गट केले. एका गटाने आयबीएमचा बायोस अभ्यासून तो काय काय करतो याचे केवळ वर्णन लिहिले. मूळ आज्ञावली कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. काम तेच, पण एक ओळही चोरीची नाही.

६/
१९८३ मध्ये, विक्रीच्या पहिल्याच वर्षी, कॉम्पॅकने १११ दशलक्ष डॉलरचा व्यवसाय केला. पुढच्या वर्षी फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने याच पद्धतीने लिहिलेला बायोस कोणालाही परवान्यावर देऊ केला. आता आयबीएमशी सुसंगत यंत्र बनवण्यासाठी मोठी कंपनी असण्याची गरज उरली नाही. पुढे तैवानमधील लहानमोठ्या कारखान्यांनी मदरबोर्ड आणि कार्डे बनवण्याचा जो सपाटा लावला, त्याचा पाया हा होता.

७/
आयबीएमने दार पुन्हा लावून पाहिले. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका आणली. तीतील 'मायक्रो चॅनेल' खाचा जुन्यांपेक्षा सरस होत्या. पण त्या वापरायच्या तर आयबीएमला परवाना शुल्क द्यावे लागे आणि जुनी कार्डे त्यांत बसत नसत. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कार्डांना सामावून घेणारी स्वतःची खाच जाहीर केली. बाजाराने आयबीएमकडे पाठ फिरवली. निवडीचा हक्क वाचला तो असा, नऊ व्यापाऱ्यांच्या स्वार्थातून.

८/
इथवरच्या घडामोडी कचेरीतल्या संगणकाच्या होत्या. सुटे भाग पारखून घेण्याची विद्या मात्र खेळांनी शिकवली. हिशेबाचा तक्ता किंवा पत्रलेखन संथ यंत्रावरही निभते. खेळाला दर सेकंदाला अनेक वेळा पडद्यावरचे सारे चित्र नव्याने रंगवावे लागते. यंत्राचा कुठला अवयव कच्चा आहे, हे तो क्षणात चव्हाट्यावर आणतो. एकाच कंपनीने अडीच वर्षांच्या अंतराने काढलेले दोन खेळ यासाठी पाहण्यासारखे आहेत.

९/
पहिला खेळ 'डूम'. आयडी सॉफ्टवेअरने तो १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध केला. त्या काळी इंटेलचा ४८६ प्रोसेसर दोन रूपांत मिळे : डीएक्स आणि स्वस्त एसएक्स. फरक एवढाच की डीएक्समध्ये अपूर्णांकी गणित करणारा विभाग चालू होता आणि एसएक्समध्ये तो बंद. सुरुवातीच्या एसएक्समध्ये तर तो विभाग चिपवर हजर होता, फक्त निकामी करून ठेवलेला. म्हणजे एकाच वस्तूला दोन लेबले आणि दोन किमती.

१०/
'डूम'चे सारे गणित पूर्णांकी होते. त्या बंद विभागाला खेळ कधी हाकच मारत नव्हता. त्यामुळे समान वेगाच्या एसएक्सवर तो डीएक्सइतकाच चाले. उलट पडद्याकडे चित्र नेणारी वाट अरुंद असेल तर उत्तम प्रोसेसरही खोळंबून राही. डीएक्ससाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी वेगवान 'लोकल बस'वरचे चित्रकार्ड घेणारा गेमर फायद्यात राहिला. भागाची किंमत आणि भागाचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या विद्येचा पहिला धडा.

११/
दुसरा खेळ 'क्वेक', जून १९९६. आता जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय झाले आणि गणित अपूर्णांकी. भिंतीवरचे चित्र दूर जाताना योग्य प्रमाणात लहान व्हावे, यासाठी प्रत्येक बिंदूला एक भागाकार करावा लागतो. तो परवडत नसल्याने 'क्वेक' दर सोळा बिंदूंना एकदाच भागाकार करी. पेंटियममध्ये अपूर्णांकी विभाग हा भागाकार करत असताना पूर्णांकी विभाग मधले बिंदू रंगवत राही. दोघे खांद्याला खांदा लावून काम करत.

१२/
त्याच सुमारास सायरिक्स कंपनीचा ६x८६ हा प्रोसेसर स्वस्तात मिळत होता. त्याच्या एका रूपाचे नाव 'पी१६६+' असे होते. खरा वेग १३३ मेगाहर्ट्झ, पण कचेरीच्या कामात तो १६६च्या पेंटियमशी टक्कर देतो, असा त्या नावाचा अर्थ. दावा खोटाही नव्हता. मात्र त्याचा अपूर्णांकी विभाग दुबळा होता, आणि 'क्वेक'ने नेमके त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवले. ज्यांनी नावातला आकडा पाहून खरेदी केली होती, त्यांच्या पडद्यावर खेळ रखडू लागला.

१३/
सायरिक्स १९९७ मध्ये नॅशनल सेमीकंडक्टरकडे आणि १९९९ मध्ये व्हायाकडे गेली. तिच्या घसरणीला कारणे अनेक होती, पण गेमरांच्या नजरेतून ती 'क्वेक'मुळे उतरली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की १९९३ मध्ये 'अपूर्णांकी विभागावर पैसे घालवू नका' हा सल्ला अचूक होता, आणि १९९६ मध्ये तोच सल्ला घातक ठरला. निवडीचा नियम बदललेला नव्हता. खेळ कुठल्या अवयवावर भार टाकतो, ते बदलले होते.

१४/
मग आणखी एक नवा अवयव आला. १९९६च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स कंपनीच्या 'व्हूडू' चिपवरची कार्डे दुकानांत दिसू लागली, सुमारे ३०० डॉलरना. तत्पूर्वी अशी चिप सर्वसामान्यांना परवडणे कठीण होते, कारण तिला लागणारी मेमरी महाग होती. १९९६ मध्ये मेमरीचे भाव कोसळले आणि खेळघरांसाठी योजलेले तंत्र घरगुती संगणकात आले. एका भागाच्या भावातील चढउतार दुसऱ्या भागाचे भवितव्य कसे ठरवतो, ते इथे प्रथम ठळकपणे दिसले.

१५/
व्हूडू कार्ड केवळ त्रिमितीय चित्रे रंगवी. रोजच्या कामासाठी जुने कार्ड राहूच द्यावे लागे आणि दोघांना मागच्या बाजूने एका छोट्या वायरीने जोडावे लागे. पण जानेवारी १९९७ मध्ये 'क्वेक'ची या कार्डांवर चालणारी आवृत्ती आली, आणि प्रोसेसरवरचा चित्रे रंगवण्याचा भार एकदम उतरला. आता प्रश्न असा झाला : पैसे प्रोसेसरवर घालावेत की ग्राफिक्स कार्डावर? बजेट गेमरची रोजची चिंता तेव्हा जन्माला आली, ती आजही संपलेली नाही.

१६/
आता पुन्हा सेलेरॉनकडे येऊ. १९९७च्या आरंभी कॉम्पॅकने सायरिक्सची चिप घातलेला ९९९ डॉलरचा प्रेसारिओ बाजारात आणला, आणि हजार डॉलरखालच्या संगणकाला किती मोठी मागणी आहे ते उघड झाले. इंटेलकडे त्या किमतीत देण्याजोगे नवे काही नव्हते. म्हणून एप्रिल १९९८ मध्ये तिने पेंटियम टूमधील दुसऱ्या पातळीची कॅश मेमरी सरळ काढून टाकली आणि उरलेल्या चिपला 'सेलेरॉन' नाव दिले. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी ठेवलेली फडताळी. ती नसली की प्रत्येक वस्तूसाठी कोठारापर्यंत हेलपाटा. टीकाकारांनी त्या चिपची खिल्ली उडवली.

१७/
चार महिन्यांनी इंटेलने चूक सुधारली आणि ती जरा जास्तच सुधारली गेली. पेंटियम टूची ५१२ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्या शेजारी वेगळ्या चिपांवर बसवलेली असे आणि ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉन ३००एमध्ये कॅश फक्त १२८ किलोबाइट होती. पण ती प्रोसेसरच्याच चिपवर कोरलेली आणि त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी. फडताळी लहान, पण हाताच्या अगदी जवळ. खेळांच्या बाबतीत दोघांत फारसा फरक उरला नाही.

१८/
आता ती युक्ती. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डच्या बसचा वेग गुणिले एक ठरावीक आकडा. सेलेरॉन ३००एचा गुणक ४.५, आणि बस ६६ मेगाहर्ट्झची, म्हणून ३००. गुणकाला इंटेलने कुलूप घातले होते, बसला मात्र नाही. त्याच वर्षीच्या इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटवर बस १०० मेगाहर्ट्झने चालवता येई. साडेचार गुणिले शंभर : ४५०. ६६९ डॉलरच्या पेंटियम टूचा हिशेबही तंतोतंत हाच होता.

१९/
अॅबिटच्या बीएच६सारख्या मदरबोर्डवर हा बदल बायोसच्या पडद्यावर बसून करता येई. ज्या बोर्डांत ती सोय नव्हती, तिथे लोकांनी प्रोसेसरच्या कार्डावरची 'बी२१' ही पिन चिकटपट्टीच्या तुकड्याने किंवा नखांच्या रंगाने झाकली. बोर्ड त्या पिनवरून बसचा वेग ओळखत असे; पिन झाकली की त्याला वाटे, समोर १०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आहे. पाचशे डॉलरची तफावत चिकटपट्टीने बुजवली गेली.

२०/
पण ३०० लिहिलेली चिप ४५०ने चाललीच कशी? याचे उत्तर कारखान्यात आहे. एका तबकडीवरच्या सगळ्या चिपा एकाच साच्यातून निघतात. तपासणीनंतर त्यांवर वेगाचे लेबल लागते. उत्पादन मुरले की बहुतेक चिपा उत्तम निघू लागतात. बाजारात मात्र स्वस्त मालाला मागणी जास्त असते आणि तेवढ्या 'कच्च्या' चिपा निघतच नाहीत. मग चांगल्याच चिपांवर कमी वेगाचे लेबल लावावे लागते. ३००एच्या किमतीतील फरक बव्हंशी लेबलाचा होता, सिलिकॉनचा नव्हे.

२१/
याला एक दुसरी बाजूही होती. प्रत्येक ३००ए ४५० गाठीलच, याची हमी नव्हती. काहींना थोडे जास्त व्होल्टेज द्यावे लागे, काही अडूनच बसत. शिवाय बस वेगवान केली की तीवर अवलंबून असलेले इतर भागही ताणले जातात. बस ८३वर नेली तर पीसीआय खाचा ३३ऐवजी साडेएकेचाळीसवर धावत आणि हार्ड डिस्कवरची माहिती बिघडण्याची भीती असे. १००वर मात्र बीएक्स चिपसेट तीनने भाग देई आणि पीसीआयचा वेग पुन्हा ३३वर येई. म्हणून अधला मधला वेग टाळून सरळ १०० गाठणे अधिक सुरक्षित होते.

२२/
त्यासाठी रॅमही १०० मेगाहर्ट्झ पेलणारी लागे. म्हणजे प्रोसेसरवर वाचवलेल्या पैशांतला काही वाटा चांगल्या मदरबोर्डवर आणि चांगल्या रॅमवर खर्च करणे भागच होते. 'सगळ्यात स्वस्त प्रोसेसर, सगळ्यात स्वस्त बोर्ड, सगळ्यात स्वस्त रॅम' असे घेणाऱ्याला या चमत्काराचा लाभ झाला नाही. कुठे हात आखडायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हे ज्याला कळले त्यालाच ३००ए खऱ्या अर्थाने स्वस्त पडला.

२३/
आपल्याकडे या आकड्यांचे वजन निराळे होते. १९९८ मध्ये डॉलर सुमारे ४२ रुपयांना होता. ५२० डॉलरची बचत म्हणजे जवळपास २२ हजार रुपये, आणि तेही आयात शुल्क व दुकानदाराचा नफा धरण्यापूर्वी. मध्यमवर्गीय मराठी घरात ही रक्कम कित्येक महिन्यांच्या बचतीची होती. नामांकित कंपनीचा तयार संच घेण्यापेक्षा 'असेंबल्ड' संगणक घ्यावा, हा विचार इथे हौसेतून कमी आणि गरजेतून अधिक रुजला.

२४/
मुंबईत त्याचे केंद्र लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव मिरवणारा, आणि आज अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलेला, ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा रस्ता. चार दुकानांतून कोटेशन घ्यायचे, एकाकडून बोर्ड तर दुसऱ्याकडून रॅम, आणि त्या संपूर्ण डब्यालाच 'सीपीयू' म्हणायचे, ही आपली रीत. दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळूरुत एस. पी. रोड हेच काम करत होते. बोका रॅटनमधल्या त्या घाईच्या निर्णयाचे लाभार्थी असे ग्रँट रोडपर्यंत पोहोचले होते.

२५/
पुढील दहा-बारा वर्षे हा पाठशिवणीचा खेळ रंगला. २००० मध्ये एएमडीने ड्युरॉन आणि अॅथलॉनच्या गुणकाला कुलूप घातले, तर लोकांनी चिपवरचे तुटलेले 'एल१' पूल शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडले. ग्रॅफाइटमधून वीज वाहते! २००२-०३ मध्ये काही रेडिऑन ९५०० कार्डे केवळ ड्रायव्हरमध्ये फेरफार करून महागड्या ९७००सारखी चालू लागली. २००९ मध्ये दोन गाभ्यांच्या काही फेनम टू प्रोसेसरांतले झोपवलेले उरलेले दोन गाभे जागे करता आले. तत्त्व सगळीकडे तेच : एक वस्तू, दोन लेबले.

२६/
याच काळात काटकसरीचा काळा अध्यायही लिहिला गेला. २०००च्या आसपासच्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर अनेक मदरबोर्डांत बसवले गेले. वर्ष-दोन वर्षांत ते फुगत, गळत, आणि बोर्ड मरून जाई. ओव्हरक्लॉकिंगसाठी नावाजलेल्या अॅबिटलाही याचा फटका बसला. काही रुपयांच्या नळकांडीने हजारो रुपयांचे यंत्र बसवले. 'एसएमपीएस आणि बोर्डवर कंजुषी नको' हे आजचे सुभाषित असल्या अनुभवांतून आले आहे.

२७/
जानेवारी २०११ मध्ये इंटेलने मोठे दार बंद केले. नव्या 'सँडी ब्रिज' रचनेत मूळ घड्याळालाच पीसीआय एक्सप्रेस, साटा आदी सगळे बांधलेले होते. ते काही टक्क्यांपलीकडे वाढवले की अख्खे यंत्र डळमळे. गुणक मोकळा हवा असेल तर नावात 'के' असलेला महाग प्रोसेसर घ्यावा लागे. १९९८ मध्ये जे गरिबाचे हत्यार होते, ती आता ऐपतवाल्यांची हौस झाली.

२८/
२०१४ मध्ये पेंटियमच्या विसाव्या वर्षानिमित्त इंटेलने ७२ डॉलरचा, मोकळ्या गुणकाचा जी३२५८ काढला. सेलेरॉनचे दिवस परतले असे अनेकांना वाटले. त्याला गाभे मात्र दोनच होते. नोव्हेंबरमध्ये 'फार क्राय ४' आला, आणि दोन गाभ्यांच्या अशा प्रोसेसरवर त्याचा पडदा काळाच राहिला. दोन गाभे कितीही वेगाने पळवले तरी खेळाला चार हात हवे होते. सायरिक्सच्या खरेदीदारांना 'क्वेक'ने शिकवलेला धडा अठरा वर्षांनी पुन्हा गिरवला गेला.

२९/
२०१७ मध्ये एएमडीच्या रायझनने बाजार पुन्हा मोकळा केला. सहा गाभ्यांचा रायझन ५ १६०० हा २१९ डॉलरना आला, गुणक सर्वांचेच मोकळे. पण खरा लाभ वेगळाच होता : एएम४ हे सॉकेट. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, २०२२चा ५८००एक्स३डी बसवता येतो. आजचा प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून स्वतःच शेवटच्या टोकापर्यंत धावतो. लेबलाखाली दडलेला फुकटचा वेग फारसा उरलेला नाही. काटकसर आता पाच वर्षांनी काय बदलता येईल, हे पाहण्यात आहे.

३०/
ग्राफिक्स कार्डांचे दुखणे निराळे. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० नंतर आभासी चलनांच्या 'खाणकामा'साठी कार्डांची पळवापळवी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलर किंमत जाहीर झालेले आरटीएक्स ३०८० त्या किमतीत मिळणे नशिबाची गोष्ट होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने अशा खाणकामाची गरजच संपवली आणि वापरलेल्या कार्डांचा लोंढा बाजारात आला. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी ओढून घेतल्याने रॅमचे भाव कडाडले. १९९६ची घटना, दिशा मात्र उलटी.

३१/
आणि दाराचा प्रश्न पुन्हा उभा आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम बोर्डला कायमची डाखलेली असते. २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून मिळू लागलेला 'स्टीम डेक' कमी पैशांत उत्तम खेळवतो, पण त्यातील प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम बदलता येत नाहीत. अशा यंत्रांत लबाडी नाही. जवळ असलेली मेमरी वेगवान असते, हे ३००एच्या कॅशनेच सिद्ध केले होते. किंमत मोजावी लागते ती निवडीच्या हक्काने. एक भाग जुना झाला की सगळे यंत्र जुने होते, आणि थोडे थोडे पैसे साठवून एकेक भाग बदलणाऱ्याची वाट बंद होते.

३२/
चार दशकांच्या या इतिहासातून आज भाग निवडणाऱ्याच्या हाती काय लागते?
• आधी खेळ ठरवा, मग भाग. तुमचा खेळ कुठल्या अवयवावर भार टाकतो, हे 'डूम' आणि 'क्वेक'च्या वेळेइतकेच आजही निर्णायक आहे.
• नावातल्या आकड्यावर विसंबू नका.
• इतर भागांचा भार वाहणारा बोर्ड आणि एसएमपीएस यांत हात आखडू नका.
• पुढच्या बदलाला जागा ठेवा.
• भाव चढलेले असतील आणि थांबणे शक्य असेल, तर थांबा.

३३/
हा हक्क कोणी उदारपणे बहाल केलेला नाही. आयबीएमच्या घाईतून तो निसटला, कॉम्पॅकच्या अभियंत्यांनी तो कायद्याने सोडवला, नऊ कंपन्यांनी आपापल्या नफ्यासाठी तो राखला, आणि शिसपेन्सिल व चिकटपट्टी घेऊन बसलेल्या अनाम पोरांनी तो वापरून जिवंत ठेवला. न वापरलेली पायवाट गवताखाली जाते. तीस-चाळीस हजारांच्या बजेटचा कागद पुढ्यात घेऊन, या दुकानातून त्या दुकानात भाव विचारत फिरणारा मुलगा किंवा मुलगी ती पायवाट अजून तुडवत आहे.

(धागा समाप्त. तुमच्या पहिल्या असेंबल्ड संगणकात कोणता प्रोसेसर होता, ते खाली जरूर लिहा.)